बीपी नसताना

मॅडमनी गोळी लिहिली तेव्हा
कौतिका खुर्चीवरून पुढे सरकली.
"बीपी तर नाही न यायले,
मंग बीपीची गोळी काऊन?"

खोब्रागडे मॅडम हसल्या नाहीत.
माझ्या लघवीचा कागद फिरवून
त्यांनी तिच्यापुढे धरला.
एका आकड्याभोवती निळ्या पेनाचं कडं.
गेल्या साली बावीस, औंदा चौऱ्याऐंशी.
"किडनी म्हणजे चाळणी समजा.
साखरेनं तिची भोकं सैल होताहेत,
आत राहायचं ते गळतंय.
ही गोळी चाळणीवरचा दाब कमी करते."

कौतिकाला चाळणी समजली.
मला कापड समजलं.

तांडापेठेत बेचाळीस वर्षं माग चालवला मी,
खड्ड्यात पाय, मुठीत धोट्याची दोरी.
फणीची एक काडी वाकली
तरी पुऱ्या थानात रेघ उतरायची
आणि बाप कापड दिव्यासमोर धरून विचारायचा,
यातून उजेड एवढा काऊन येते?

आता माझ्यातून येतोय.
वीण विरळ होते आहे
आणि दुखत काहीच नाही.

पुंजारामदादाचंही दुखत नव्हतं.
फेस येते म्हणायचा,
पण फेस तर साबणालेही येते.
मग मेडिकलच्या त्या लांब वॉर्डात
आठवड्यातून दोनदा
त्याचं रक्त यंत्रातून फिरून यायचं,
मी बाहेर बाकावर
त्याच्या चपला सांभाळत बसायचो.
तेव्हा गोळी नव्हती असं नाही.
लघवी तपासा असं कोणी म्हटलं नव्हतं.
म्हटलं असेल, तर आम्ही ऐकलं नव्हतं.

पहिल्या गोळीनं खोकला दिला,
कोरडा, रात्री दोनचा.
शेजारचे हेडाऊ भिंत ठोकायचे.
मॅडमनी ती बदलली,
पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त काढलं,
पोटॅशियम बघितलं,
मग आणखी एक जोडली,
साखर लघवीतून बाहेर टाकणारी.
"म्हंजे साखर वाया घालवाची
आन् त्याचेही पैसे द्याचे,"
कौतिकाचा हिशोब.
गुडघ्याची गोळी मात्र
मॅडमनी स्वतःच्या हातानं खोडली.
पंधरा वर्षं मी ती
चिवड्यासारखी खाल्ली होती.

मुलानं पुण्याहून डबी पाठवली,
सात खणांची, सात झाकणांची.
रविवारचं झाकण नीट लागत नाही.

मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर,
मला जुलाब लागले,
कूलरमध्ये पाणी टाकायलाही उठवेना.
चिठ्ठीच्या तळाशी लिहिलं होतं :
उलट्या, जुलाब, दोन्ही गोळ्या थांबवा, फोन करा.
तीन दिवस डबी भरलेली राहिली.
मला आपला माग आठवला, संपाच्या दिवसांतला,
ताणा चढवलेला, आणि कोणी बसलेलं नाही.

आजार झाला की गोळी, बरं वाटलं की बंद,
एवढंच औषधाचं गणित आम्हाला येत होतं.
या गोळीनं बरं वाटत नाही.
या गोळीनं काहीच वाटत नाही.
सकाळी पाणी, गोळी, मग पोहे,
तर्री न टाकता,
आणि कुठेतरी आत, मला न दिसणाऱ्या जागी,
सूत सुटायचं थांबतंय
की नुसतं हळू सुटतंय?
मॅडमना विचारलं.
त्या म्हणाल्या, हळू. हळू हेही पुष्कळ आहे.

काल नवा कागद आला.
बावीस नाही. एक्कावन्न.
कौतिकानं तो ट्यूबलाइटखाली धरला,
उलटा, मागच्या बाजूनं,
थेट माझ्या बापासारखा.
"कमी झालं?"
हाओ.
"मंग गोळ्या बंद?"
नाही.
"कधीलोक?"

बाहेर भंगारवाला ओरडत गेला,
लोखंड, रद्दी, जुने माग.
मी मंगळवारचं झाकण उघडलं.